ईस्टर (नामव्युत्पत्ती)

ईस्टर : येशू ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचा सण. पाश्चात्त्य चर्चच्या गणनेनुसार २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेच्या पुढच्या रविवारी, म्हणजे २२ मार्च ते २५ एप्रिल या काळात तो येतो. या सणाला प्रामुख्याने दोन वेगळ्या कुळांतली नावे आहेत.

बहुतेक भाषांतील नावे हिब्रू ‘पेसाह’पासून निघाली. अरामी ‘पास्खा’मार्गे हा शब्द ग्रीक-लॅटिनमध्ये गेला, फ्रेंच ‘पाक’, इटालियन ‘पास्क्वा’, रशियन ‘पास्खा’ ही त्याचीच रूपे. बायबलमधील निर्गम ग्रंथाच्या १२व्या अध्यायात इजिप्तमधल्या संहाराच्या रात्री दाराच्या चौकटीला कोकराचे रक्त लावलेली इस्राएली घरे परमेश्वर ओलांडून जातो. ज्यू लोक ‘पेसाह’ पाळतात तो या सुटकेच्या स्मरणार्थ. येशूचे क्रूसारोहण याच सणाच्या दिवसांत झाल्याने नाव ख्रिस्ती सणाकडे आले. दुसऱ्या शतकात सार्दिसचा बिशप मेलितो याने त्याचा संबंध ‘सोसणे’ या अर्थाच्या ग्रीक धातूशी लावला. ती व्युत्पत्ती केवळ ध्वनिसाम्यावर बेतलेली आहे.

इंग्रजी ‘ईस्टर’ आणि जर्मन ‘ओस्टर्न’ यांचे मूळ जर्मानिक आहे. इंग्लंडमधील मठवासी बीड याने ७२५ मध्ये कालगणनेवरील ग्रंथात लिहिले, की अँग्लो-सॅक्सन लोकांच्या ‘एओस्तुर’ महिन्याला एओस्त्रे देवीचे नाव होते आणि तेच पुढे सणाला लागले. या देवीचा दुसरा जुना लेखी पुरावा नाही. याकोब ग्रिमने १८३५ मध्ये तिचे जर्मन रूप ‘ओस्तारा’ असावे, असा तर्क केला. १९५८ मध्ये जर्मनीत मोर्केन-हार्फजवळ ‘ऑस्ट्रिआहेने’ नावाच्या मातृदेवतांना अर्पण केलेले दीडशेहून अधिक रोमनकालीन लेख सापडल्यावर बीडच्या विधानाकडे अभ्यासक पुन्हा वळले. देवीविषयी मतभेद असले, तरी शब्दाचा धातू पहाट व पूर्व दिशा यांच्याशी निगडित आहे, हे बहुतेक अभ्यासकांना मान्य आहे. संस्कृत ‘उषस्’, ग्रीक ‘एओस’ आणि लॅटिन ‘आउरोरा’ त्याचेच सगोत्र. बाबिलोनी देवी इश्तारशी जोडलेला संबंध मात्र भाषाशास्त्रात टिकत नाही.

काही भाषांनी स्वतंत्र नावे घडवली : पोलिश ‘व्येल्कानोत्स’ (मोठी रात्र), बल्गेरियन ‘वेलिकदेन’ (मोठा दिवस), तर हंगेरियन ‘हूशवेत’ (मांस घेणे), कारण तेव्हा चाळीस दिवसांचा उपवास सुटतो. गोव्याच्या कोकणीत ‘पास्कांचें फेस्त’ रूढ आहे. मराठी बायबलमध्ये ज्यू सणाला ‘वल्हांडण’ हा ‘ओलांडणे’ या अर्थाचा शब्द आहे. ख्रिस्ती सणाला मात्र मराठीत ‘ईस्टर’ किंवा ‘पुनरुत्थानाचा सण’ म्हणतात.