नाही म्हणणारा सेनापती

१९४१ साली ब्रिटनच्या हवाई मंत्रालयाने एक छोटी पुस्तिका काढली. नाव ‘द बॅटल ऑफ ब्रिटन’. आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या आकाशात जर्मन हवाई दलाशी झालेल्या लढाईची गोष्ट तिच्यात होती. लाखो प्रती खपल्या. फक्त ज्या माणसाने ती लढाई चालवली, त्याचं नाव तिच्यात कुठेच नव्हतं. सिंहगडाची गोष्ट सांगावी आणि तानाजी गाळावा, तसला प्रकार. चर्चिल भडकला. ट्रफाल्गारची कहाणी सांगताना नौदलाने नेल्सनचं नाव वगळलं असतं तर लोक काय म्हणाले असते, असं त्याने हवाई खात्याच्या मंत्र्याला सुनावलं.

गाळलेलं नाव होतं ह्यू डाउडिंग. हवाई दलातले सहकारी त्याला ‘स्टफी’ म्हणत. म्हणजे कोंदट, ताठर, ज्याच्याशी गप्पा रंगत नाहीत असा. युद्धाच्या गोष्टींत आपल्याला तलवार उपसणारे लोक आवडतात. मला मात्र हा गप्प, घुम्या माणूस पुन्हा पुन्हा वाचावासा वाटतो, कारण त्याचं सगळं शौर्य एका शब्दात होतं: ‘नाही’. त्या शब्दाने त्याचा देश वाचला आणि त्याच शब्दाने त्याची कारकीर्द संपवली, असं माझं मत आहे.

पहिला नकार

डाउडिंग १८८२ साली स्कॉटलंडमधल्या मॉफट या गावी जन्मला. वडील शाळा चालवायचे. १९०० साली तो तोफखान्यात अधिकारी झाला. जिब्राल्टर, सिलोन, हाँगकाँग असं फिरत तो हिंदुस्थानात आला आणि इथे पहाडी तोफखान्यात त्याने काही वर्षं काढली. परत गेल्यावर १९१३ च्या डिसेंबरात, वयाच्या ३१ व्या वर्षी, तो विमान चालवायला शिकला. तेव्हा विमान म्हणजे लाकूड, कापड आणि तारांचा सांगाडा.

पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये, सोमच्या लढाईत त्याच्याकडे एक विंग होती. वैमानिक रोज मरत होते. एका स्क्वाड्रनची इतकी वाताहत झाली, की तिला काही दिवस मागे घेऊन विश्रांती द्या, अशी मागणी त्याने वरिष्ठांकडे केली. वरिष्ठ म्हणजे ह्यू ट्रेंचर्ड. सतत चढाई करत राहायचं, हा त्याचा मंत्र. त्याने स्क्वाड्रन मागे घेतली, पण डाउडिंग त्याच्या मनातून उतरला. काही महिन्यांत बढती देऊन त्याची इंग्लंडला रवानगी झाली आणि उरलेल्या युद्धात आघाडीवरचं नेतृत्व त्याला पुन्हा मिळालं नाही.

घरीही त्याच्या वाट्याला फार सुख आलं नाही. १९१८ मध्ये लग्न झालं, १९२० मध्ये बायको वारली. मागे राहिला लहानगा मुलगा, डेरेक.

एक होकार

१९३० च्या सप्टेंबरात डाउडिंग हवाई मंत्रालयात आला. पुरवठा आणि संशोधन ही त्याची जबाबदारी. त्या वेळी आर-१०१ नावाचं अवाढव्य हवाई जहाज तयार होत होतं. साम्राज्य हवाई मार्गाने जोडायचं स्वप्न होतं आणि पहिला मोठा प्रवास होता कराचीचा. तेव्हा कराची मुंबई इलाख्यातच होती. तिथे या जहाजासाठी प्रचंड मोठी शेडसुद्धा बांधून ठेवली होती.

हवाई खात्याच्या मंत्र्याला घाई होती. चाचण्या पुरेशा झाल्या नव्हत्या. डाउडिंग या विषयात नवा होता, तज्ज्ञांनी होकार दिला होता, त्यानेही उड्डाणाला मान्यता दिली. ५ ऑक्टोबर १९३० च्या पहाटे फ्रान्समध्ये बोव्हे गावाजवळ जहाज कोसळून पेटलं. ५४ पैकी ४८ माणसं गेली, त्यांत तो मंत्रीही. आणखी चाचण्यांचा आग्रह आपण धरायला हवा होता, हे डाउडिंगने पुढे स्वतः मान्य केलं.

या प्रसंगाने तो बदलला, असा पुरावा माझ्याकडे नाही. पण पुढच्या दहा वर्षांतलं त्याचं वागणं पाहिलं की एक गोष्ट लक्षात येते. वरून कितीही घाई झाली, तरी आकडे आणि चाचणी पाहिल्याशिवाय हा माणूस मान डोलवत नाही.

आधी दाखवा

१९३० च्या दशकात सगळीकडे एकच समजूत होती, की बॉम्बर विमानं अडवता येत नाहीत. १९३२ मध्ये बाल्डविनने ब्रिटिश संसदेत हेच सांगितलं होतं. बचाव अशक्य, म्हणून आपणही बॉम्बर बांधा आणि शत्रूची शहरं उद्ध्वस्त करायची तयारी ठेवा, असं ते तर्कशास्त्र.

१९३५ च्या सुरुवातीला रॉबर्ट वॉटसन-वॉट या शास्त्रज्ञाने रेडिओ लहरींनी दूरचं विमान शोधता येईल असं मांडलं. डाउडिंगला कल्पना आवडली, पण पैसे मागितल्यावर त्याचं उत्तर होतं, आधी प्रत्यक्ष दाखवा. २६ फेब्रुवारी १९३५ ला डॅव्हेंट्रीजवळ एका शेतात व्हॅनमध्ये यंत्र लावलं आणि वरून एक बॉम्बर उडवला. पडद्यावर रेष हलली. मग मात्र डाउडिंगने हात आखडता घेतला नाही. पुढे ज्याला जग रडार म्हणू लागलं, त्याची ही सुरुवात.

१४ जुलै १९३६ ला फायटर कमांड स्थापन झाली आणि डाउडिंग तिचा पहिला प्रमुख झाला. मुख्यालय लंडनच्या उत्तरेला, बेंटली प्रायरी नावाच्या जुन्या वाड्यात. तिथे त्याने उभं केलेलं काम रडारपेक्षाही मोठं होतं, असं मी म्हणेन. कारण नुसत्या रडारने काही होत नाही. आपल्या फोनवर दिवसभर शंभर नोटिफिकेशन येतात, त्यांतलं खरं किती आणि कामाचं किती? डाउडिंगपुढे नेमका हाच प्रश्न होता.

किनाऱ्यावरच्या रडार केंद्रांतून फोनने खबर यायची. दोन केंद्रं एकाच टोळीला दोन वेगळ्या जागी दाखवायची, कधी आपलीच विमानं शत्रूची वाटायची. म्हणून सगळ्या खबरी आधी बेंटली प्रायरीच्या ‘फिल्टर रूम’मध्ये यायच्या, तिथे ताडून पाहिल्या जायच्या आणि गाळून निघालेलीच माहिती पुढे जायची. रडार समुद्राकडे पाहायचं, जमिनीवर आलेल्या विमानांवर ऑब्झर्व्हर कोअरचे हजारो स्वयंसेवक दुर्बिणीने नजर ठेवायचे. मोठ्या टेबलावर नकाशा, त्यावर सोंगट्या, त्या लांब काठीने सरकवणाऱ्या महिला हवाई दलातल्या तरुणी. घड्याळावर पाच-पाच मिनिटांचे रंगीत पट्टे आणि सोंगटीचाही तोच रंग, म्हणजे माहिती किती शिळी आहे ते एका नजरेत कळावं. तिथून हुकूम ग्रुपला, ग्रुपकडून सेक्टरला, सेक्टरकडून रेडिओने वैमानिकाच्या कानात.

फायदा काय? आकाशात दिवसभर गस्त घालत पेट्रोल आणि माणसं दमवायची गरज उरली नाही. शत्रू येतोय कळलं की तेवढीच विमानं, तेवढ्याच वेळेला, त्याच जागी पाठवता येऊ लागली. कमी असलेली गोष्ट पुरवून वापरायची, हे या सगळ्याचं सार.

माणसांबद्दलही तो असाच हिशेबी आणि हळवा होता. वैमानिकासमोर बुलेटप्रूफ काच बसवा म्हटल्यावर मंत्रालयातले लोक हसले. शिकागोचे गुंड अशा काचेमागे बसून फिरू शकतात, तर माझे वैमानिक का नाही, असं त्याने विचारलं. काच बसली.

१६ मे १९४०

१० मे १९४० ला जर्मनीने पश्चिमेकडे हल्ला केला आणि त्याच दिवशी चर्चिल पंतप्रधान झाला. फ्रान्स कोसळू लागला. फ्रेंचांची एकच विनवणी: आणखी फायटर विमानं पाठवा. मित्र बुडत असताना हात कसा आखडायचा? चर्चिलचा कल पाठवण्याकडे होता.

१५ मे रोजी डाउडिंग युद्धमंत्रिमंडळापुढे गेला आणि हरिकेन विमानं कोणत्या वेगाने नष्ट होताहेत ते मांडलं. दुसऱ्या दिवशी त्याने हवाई मंत्रालयाला पत्र लिहिलं. देशाच्या बचावाला ५२ स्क्वाड्रन लागतील असं तुम्हीच ठरवलं होतं, आज माझ्याकडे जेमतेम ३६ उरल्या आहेत, तेव्हा किती विमानं राखून ठेवायची याचा आकडा मला लेखी द्या, असा त्याचा मुद्दा होता. फ्रान्सला वाचवायच्या धडपडीत घरचं बळ संपवलं, तर फ्रान्सच्या पराभवासोबत ब्रिटनचाही पराभव होईल, शेवटचा आणि कधीच भरून न येणारा.

मी हे पत्र जेव्हा वाचतो, तेव्हा मला त्यातली भाषा थक्क करते. एकही भावनिक विशेषण नाही. मुद्दे, आकडे आणि शेवटी न टाळता येणारं वाक्य. तरीही काही विमानं गेलीच. फ्रान्सच्या मोहिमेत ब्रिटनने ४०० हून अधिक फायटर गमावली. पण ओघ थांबला. जुलै उजाडला तेव्हा डाउडिंगच्या हातात लढायला काहीतरी शिल्लक होतं.

फ्रेंचांच्या बाजूने पाहिलं तर हा मित्राला दिलेला दगा होता. तेही खोटं नाही. अशा नकाराची किंमत कुणीतरी मोजतंच.

जिंकायचं नाही, हरायचं नाही

बॅटल ऑफ ब्रिटन १० जुलै ते ३१ ऑक्टोबर १९४० अशी मोजतात. जर्मनांना ब्रिटनवर उतरायचं तर आधी फायटर कमांड संपवावी लागणार होती. डाउडिंगने ते उलट बाजूने पाहिलं: शरद ऋतूतल्या खराब हवामानापर्यंत फायटर कमांड जिवंत राहिली, की झालं.

आग्नेय इंग्लंड सांभाळणारा कीथ पार्क, मूळचा न्यूझीलंडचा, हे धोरण अचूक राबवत होता. थोडी थोडी विमानं पाठवायची, बॉम्बर शहरावर पोहोचायच्या आत त्यांना विस्कटायचं, सगळं बळ एकदम पणाला लावायचं नाही. उत्तरेच्या ग्रुपचा प्रमुख ली-मॅलरी आणि त्याचा धडाडीचा, दोन्ही पाय कृत्रिम असलेला वैमानिक डग्लस बेडर यांचं म्हणणं वेगळं होतं. पाच-पाच स्क्वाड्रनचा ‘बिग विंग’ एकत्र करून शत्रूवर तुटून पडा. ऐकायला जोरदार, पण तेवढी विमानं हवेत एकत्र जमेपर्यंत बॉम्ब पडून गेलेले असायचे आणि बिग विंगने पाडलेल्या विमानांचे दावेही फुगलेले निघाले.

या साडेतीन महिन्यांत फायटर कमांडचे ५४४ वैमानिक आणि सहकारी मारले गेले. लढणाऱ्यांत पोलिश होते, झेक होते, न्यूझीलंडचे होते. डाउडिंगचा मुलगा डेरेकही ७४ स्क्वाड्रनमध्ये स्पिटफायर उडवत होता. टेबलावर सरकणाऱ्या सोंगट्यांत त्याचीही एक सोंगटी असायची.

निरोप

१७ ऑक्टोबरला हवाई मंत्रालयात बैठक झाली. विषय होता डावपेचांचा. एअर चीफ मार्शल डाउडिंगसमोर बेडर हा साधा स्क्वाड्रन लीडर मत मांडायला बसवला होता. २५ नोव्हेंबर १९४० ला डाउडिंगने पद सोडलं. पार्कलाही हलवलं आणि त्याच्या जागी ली-मॅलरी आला.

याला नुसता कट म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. डाउडिंग ५८ वर्षांचा होता, त्याच्या निवृत्तीची तारीख अनेकदा पुढे ढकलली गेली होती. पार्क आणि ली-मॅलरी यांचं भांडण त्यानेच वेळीच मिटवायला हवं होतं, ते त्याने केलं नाही. शिवाय सप्टेंबरपासून लंडनवर रात्री बॉम्ब पडत होते आणि फायटर कमांडला ते रोखता येत नव्हते. दिवसाची विमानं रात्री वापरा म्हटलं, तर इथेही तो नाखूष. विमानातच रडार बसवणं हाच खरा उपाय, असं त्याचं म्हणणं. ते १९४१ मध्ये खरं ठरलं. पण रोज रात्री घरं जळत असताना ‘थांबा’ म्हणणारा माणूस कुणाला आवडणार?

आणि एक गोष्ट आपण इथे बसून विसरू नये. ज्या दलाने लंडनचा बचाव केला, त्याच दलाने १९२० च्या दशकात इराकमध्ये बंड मोडण्यासाठी गावांवर बॉम्ब टाकले होते. डाउडिंगही १९२४ पासून तिथे वरिष्ठ अधिकारी होता. आकाशातून पडणारा बॉम्ब कुणाचा, यावर आपली सहानुभूती ठरत असेल, तर ती तपासून घ्यायला हवी.

नंतरचा डाउडिंग

१९४२ मध्ये तो निवृत्त झाला, १९४३ मध्ये लॉर्ड झाला. हवाई दलातलं सर्वोच्च पद मात्र त्याला कधीच दिलं नाही. आता तो परलोकविद्येकडे वळला, मृत वैमानिकांचे संदेश आपल्याला येतात असं लिहू लागला. लोक हसले. मला हसू येत नाही. त्या मुलांना टेबलावरून हवेत पाठवणारा तोच होता.

तो शाकाहारी झाला, थिऑसॉफीकडे वळला आणि लॉर्ड्सच्या सभागृहात प्राण्यांवरच्या क्रूर प्रयोगांविरुद्ध बोलू लागला. १९५१ मध्ये त्याने म्युरिएलशी लग्न केलं. तिने पुढे ‘ब्युटी विदाउट क्रुएल्टी’ ही संस्था सुरू केली. तिचीच भारतीय शाखा १९७४ मध्ये सुरू झाली आणि तिचं मुख्यालय आपल्या पुण्यात आहे. बेंटली प्रायरीच्या त्या नकाशा-टेबलापासून पुण्यापर्यंत असाही एक धागा येतो.

१५ फेब्रुवारी १९७० ला डाउडिंग गेला. ज्या देशाच्या पुस्तिकेत त्याचं नाव नव्हतं, त्याने त्याच्या अस्थी वेस्टमिन्स्टर ॲबीत ठेवल्या.

चढाई करणाऱ्याचं यश डोळ्यांना दिसतं. जे घडू दिलं नाही त्याचं यश कुणालाच दिसत नाही, कारण तिथे दाखवायला काही उरत नाही. १९४० च्या सप्टेंबरात जर्मन सैन्य इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरलं नाही. डाउडिंगचं स्मारक म्हणजे तो मोकळा राहिलेला किनारा.