खावटी : कर्ज ते अनुदान



पावसाळ्यात कणगी रिकामी नि मजुरी बंद, हे अक्कलकुवा-धडगावला नवे नाही. म्हणूनच शासनाने 1978 पासून आदिवासी कुटुंबांना खावटी कर्ज दिले. पण ते कर्जच, फेडावे लागे. पुढे योजना बंद पडली.

2020 च्या टाळेबंदीत आपले मजूर गुजरातेतून रिकाम्या हाती परतले. ऑगस्टात राज्य शासनाने खावटी पुन्हा आणली, पण अनुदान म्हणून. कुटुंबाला चार हजार : निम्मे खात्यावर रोख, निम्म्याचे धान्य, डाळ, तेल. परतफेड नाही. वनपट्टेधारक, भूमिहीन शेतमजूर, रोजगार हमीवर राबलेलेही पात्र ठरले. वाटपाला मात्र 2021 उजाडले. ज्या पावसाळ्यासाठी खावटी मंजूर झाली, तो उसनवारीवरच काढावा लागला.