मुंबईच्या सॉलिसिटर पेढ्या

तालुक्याच्या कोर्टात काम निघाले की आपण वकील गाठतो. अर्ज लिहितो तोच, साक्षीदार तपासतो तोच, आणि न्यायाधीशापुढे उभा राहतो तोही तोच. मुंबई हायकोर्टाच्या ‘ओरिजिनल साइड’वर, म्हणजे मुंबई शहरातले मोठे दावे जिथे मुळातच दाखल होतात त्या शाखेत, ही कामे शंभराहून अधिक वर्षे दोघांत वाटलेली होती. पक्षकाराने आधी सॉलिसिटरकडे जायचे. तो हकीकत ऐकून घेई, दस्तऐवज तपासी, कागद तयार करी आणि मग ते बांधून बॅरिस्टरकडे पाठवी. या गठ्ठ्याला म्हणतात ‘ब्रीफ’. फी मोहरांत मांडायची, आणि मोहोर म्हणजे १५ रुपये! सोन्याची मोहोर कोणी पाहिलेली नसे, हिशेब मात्र तिचाच.

हायकोर्ट १८६२ सालचे. काही पेढ्या त्याहूनही जुन्या. क्रॉफर्ड बेली १८३० ची, लिटल आणि कंपनी १८५६ ची. मूळचे साहेब केव्हाच गेले, भागीदार हिंदी झाले, तरी दारावरची पाटी बदलली नाही. आपल्याकडे सराफाची पेढी आजोबांच्या नावाने चालते ना, तसेच हे. कमरुद्दीन तय्यबजी हे पहिले हिंदी सॉलिसिटर. त्यांचे धाकटे बंधू बद्रुद्दीन १८६७ साली मुंबईतले पहिले हिंदी बॅरिस्टर झाले. दिनशा मुल्ला यांची पेढी १८९५ ची. त्यांचा हिंदू कायद्यावरचा ग्रंथ वकील आजही उघडतात. एका पारशी गृहस्थाने हिंदूंच्या वारसाहक्काचा इतका बारकाईने विचार करावा, याचे मला नेहमी कौतुक वाटते.

या पेढ्यांत शिकण्याची रीतही जुन्या कारागिरीसारखी. उमेदवाराने तीन वर्षे एखाद्या सॉलिसिटरच्या हाताखाली काढायची, खतपत्रे वाचायची, मसुदे करायचे आणि मग परीक्षेला बसायचे. ही परीक्षा भल्याभल्यांना पाणी पाजी.

पण ब्रीफ देणे सॉलिसिटरच्या हाती, म्हणजे बॅरिस्टरची भाकरीही त्याच्याच हाती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ साली मुंबईत वकिली सुरू केली. कोलंबियाची आणि लंडनची विद्या, बॅरिस्टरची सनद, सारे जवळ होते. तरीही सॉलिसिटर मंडळी त्यांच्याकडे काम पाठवीनात. कारण जात! तेव्हा त्यांनी मोफसलच्या कोर्टांतली, गोरगरिबांची कामे घेतली, आणि प्रपंचाला हातभार म्हणून १९२५ पासून बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायदाही शिकवला. कायद्याच्या पुस्तकात ही अडवणूक कुठेच लिहिलेली नव्हती. ती पेढीच्या उंबऱ्यावर होत असे.

१ जानेवारी १९७७ पासून कायद्याने ही दुहेरी पद्धत बंद झाली. सॉलिसिटर आता ॲडव्होकेटच, आणि कोणीही ॲडव्होकेट पक्षकाराकडून थेट काम घेऊन उभा राहू शकतो. बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची ती अवघड परीक्षा मात्र चालू आहे. तिची सक्ती कोणावर नाही, तरी तरुण मुलेमुली तिला बसतात.