मधल्या गावाला थांबा नाही

१८५६ चा मे. तुम्ही बदलापूरजवळ कुळगावच्या शिवारात बांधावर उभे आहात. राब भाजून झालाय, उल्हास नदीचे नुसते डोह उरलेत. पोरं ओरडत पळतात, "गारी आली, गारी!" कल्याणहून खोपोलीपर्यंत नुकतीच सुरू झालेली आगगाडी धूर सोडत निघून जाते. बोरघाट चढायची सोय अजून झालेली नाही. तुम्ही रूळ ओलांडून पलीकडच्या शेतात जाता.

आता १९४९ चा ऑगस्ट. आशेळे गावाच्या शिवेवरून तुम्ही कल्याण कॅम्पात शिरता. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी बांधलेल्या इथल्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं राहताहेत. याच ८ तारखेला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी वसाहतीची कोनशिला बसवली, नाव उल्हासनगर. आत पाऊल टाकताच तुम्ही बिचकता. एका लांबलचक छपराखाली गोणपाटाचे पडदे, पडद्याआड कुणाचं खोकणं, कुणाच्या फोडणीचा वास. अंगण नाही, पडवी नाही. बाहेर नळावर रांग आणि तिच्यावरून भांडण.

पण प्रत्येक दारावर आकडा आहे. तुमच्या गावात पत्ता म्हणजे वडाच्या पुढं, विहिरीच्या अलीकडं. इथं कॅम्प, बराक, खोली. माझं तर स्पष्ट मत आहे की सरकारला आधी आकडा दिसतो, माणूस मागाहून. (बराकींच्या जागी मजले चढले, तरी उल्हासनगरच्या पत्त्यांत बराक नंबर आजही आहे.)

पुढं बारवी नदीवर एमआयडीसीचं धरण होतं. पाणी कारखान्यांना आणि शहरांना जातं, बुडतात ती मुरबाडकडची शेतं.

२७ जुलै २०१९. बदलापूर आणि वांगणीच्या मधे, चामटोलीजवळ, उल्हासच्या पुरात कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस अडकलीय. आत हजाराहून जास्त माणसं, डब्यांच्या पायऱ्यांना पाणी. तुम्ही गावकऱ्यांबरोबर कमरेएवढ्या पाण्यात उतरता. कुठं खड्डा, कुठं बांध, ते पायांना ठाऊक आहे. मग एनडीआरएफच्या बोटी येतात, नौदल येतं, वर हेलिकॉप्टर घरघरतं. दुपारपर्यंत सगळे सुखरूप बाहेर. त्यांच्यासाठी कल्याणहून कोल्हापूरला खास गाडी सोडतात.

तुम्ही चिखलातून घरी निघता. बदलापूर ते वांगणी सुमारे ११ किलोमीटर. मधे एकही स्टेशन नाही.