मारक पेशी, नैसर्गिक : कर्करोगोपचारार्थ संस्करण

रक्तातील लसीकापेशींपैकी ज्या पेशी, पूर्वपरिचय अथवा लस यांची अपेक्षा न ठेवता, विषाणुबाधित व कर्कजन्य पेशींचा नाश करतात त्यांस नैसर्गिक मारक पेशी म्हणतात. वैद्यकीय व्यवहारात ‘एनके पेशी’ हे नाव रूढ आहे. रक्ताभिसरणातील लसीकापेशींत त्यांचे प्रमाण साधारणतः ५ ते १५ टक्के असते.

शोध व स्वरूप : १९७५ साली स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का संस्थेत रोल्फ कीसलिंग, एव्हा क्लाइन व हान्स व्हिगझेल यांनी, आणि त्याच सुमारास अमेरिकेत रोनाल्ड हर्बरमन यांनी या पेशींचे वर्णन केले. निरोगी पेशी आपल्या पृष्ठभागावर एचएलए वर्गाची प्रथिने बाळगते. टी पेशी या दुसऱ्या प्रकारच्या लसीकापेशींच्या नजरेतून निसटण्यासाठी कर्कपेशी पुष्कळदा तीच टाकून देते, आणि जकात नाक्यावरील कारकुनाने दस्तक नसलेली गाडी तेवढी अडवावी तशी मारक पेशी या अभावावरूनच तिला हेरते, हा सिद्धान्त क्लास कॅरे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये प्रयोगांनी पुष्ट केला. हेरलेल्या पेशीच्या पटलास परफोरिन हे प्रथिन छिद्रे पाडते व ग्रँझाइम आत शिरून तिचा अंत घडवितात.

संस्करण : पेशी दात्याच्या रक्तातून, प्रसूतीनंतरच्या नाळरक्तातून, अथवा १९९२ साली एका लिंफोमाग्रस्त रुग्णापासून मिळालेल्या ‘एनके-९२’ या वंशातून घेतात, हा वंश मुळात कर्कजन्य असल्याने देण्यापूर्वी त्यावर किरणोत्सर्ग करावा लागतो. दात्याच्या रक्तातील टी पेशी चुंबकीय मण्यांच्या साहाय्याने वेगळ्या केल्यावर, उरलेल्या मारक पेशी किरणोत्सर्गाने निर्वीर्य केलेल्या ‘के-५६२’ या वंशाच्या रक्तकर्कपेशींच्या संगतीत काही आठवडे वाढवितात. विशिष्ट प्रतिजन ओळखणारा ‘कार’ हा कृत्रिम ग्राही त्यांत विषाणुवाहकाद्वारे घालतात. मात्र मारक पेशी असा वाहक सहजासहजी स्वीकारीत नाहीत. इंटरल्यूकिन-१५ चे जनुक जोडल्यास त्या शरीरात अधिक काळ तग धरतात. तयार पिशव्या द्रवरूप नायट्रोजनात, उणे १९६ अंश सेल्सियसच्या आसपास, ठेवता येतात. परंतु वितळविल्यावर पेशींची मारकशक्ती घटते, ही या पद्धतीची मोठी अडचण होय.

फलश्रुती : २००५ साली मिनेसोटा येथे निकटच्या नातलगांच्या, जनुकबदल न केलेल्या मारक पेशी तीव्र रक्तकर्काच्या १९ रुग्णांस देण्यात आल्या, त्यांपैकी ५ जणांत रोगाचा पूर्ण उपशम झाला. ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन केंद्रात कटायून रेझवानी यांच्या गटाने सीडी-१९ प्रतिजनावर रोखलेल्या नाळरक्तजन्य पेशी वापरल्या. २०२० च्या वृत्तान्तानुसार ११ पैकी ८ रुग्णांत गुण आला, २०२४ च्या ३७ रुग्णांच्या वृत्तान्तात हे प्रमाण ४८.६ टक्के होते. घन गाठींवरील परिणाम तूर्त मर्यादित आहे.

महाराष्ट्रातील कार्य : राज्यातील रूढ झालेला उपचार मारक पेशींचा नसून टी पेशींचा आहे, तथापि ग्राहीची घडण, विषाणुवाहक व शुद्ध कक्षातील संवर्धन ही सामग्री दोहोंस बव्हंशी समान असल्याने त्याची नोंद येथे घेणे प्राप्त आहे. परळ येथे १९५२ साली वसंत रामजी खानोलकर यांच्या संचालकत्वाखाली स्थापन झालेल्या कर्करोग संशोधन केंद्राची परंपरा टाटा स्मारक केंद्राच्या खारघर येथील ‘अ‍ॅक्ट्रेक’कडे आली, आणि तेथेच शुभदा चिपळूणकर यांनी मारक पेशींशी गुणसाम्य असलेल्या गॅमा-डेल्टा टी पेशींचा दीर्घकाळ अभ्यास केला. याच संस्थेत ४ जून २०२१ रोजी भारतातील पहिली कार-टी (कार ग्राही घातलेल्या टी पेशींची) चिकित्सा झाली. मुंबई आयआयटीतील राहुल पुरवार यांचा गट, टाटा स्मारक केंद्र व इम्युनोअ‍ॅक्ट ही कंपनी यांनी सिद्ध केलेल्या ‘नेक्सकार-१९’ या कार-टी उपचारास ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांची मंजुरी मिळाली व ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी त्याचे लोकार्पण केले. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत मूल्यमापनयोग्य ५१ पैकी ३७ रुग्णांत प्रतिसाद आढळला. परक्याच्या टी पेशी रुग्णाच्याच ऊतकांवर उलटण्याचा संभव असल्यामुळे हा उपचार प्रत्येकाच्या स्वतःच्या पेशींपासून स्वतंत्रपणे करावा लागतो. मारक पेशींत ते भय अत्यल्प असून, एका नाळरक्तापासून अनेकांची तजवीज होऊ शकते.

पुणे : विद्यापीठाच्या आवारातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र देशभरातील संशोधकांस पेशीवंश पुरविते.

भोर व वेल्हे : पूर्वीच्या पंतसचिवांच्या संस्थानाचा भोर तालुका आणि आता राजगड हे नाव धारण केलेला वेल्हे तालुका यांतील कर्करुग्णास विशेष उपचारासाठी पुणे वा मुंबई गाठावी लागते, आधीच तयार करून गोठविलेल्या पेशींचे महत्त्व अशा डोंगरी मुलखास अधिक, परंतु त्या देणारे रुग्णालय व देखरेखीची सोय शहरातच राहणार. कर्करोगोपचाराशी या मुलखाचा जुना संबंध वनस्पतीचा आहे. या तालुक्यांची पश्चिम बाजू ज्या घाटमाथ्याच्या पट्ट्यात येते, तेथील सदाहरित रानांत उग्र दर्पाचा नरक्या हा वृक्ष वाढतो. नंदुरबारला जन्मलेले मनसुख वाणी व मन्रो वॉल यांनी १९६६ साली एका चिनी वृक्षातून वेगळे केलेले कॅम्प्टोथेसिन हे कर्करोधी द्रव्य १९७२ मध्ये नरक्यातही आढळले. टोपोटेकन व इरिनोटेकन ही औषधे त्याचीच रूपे होत. निर्यातीसाठी झालेल्या बेसुमार तोडीने सह्याद्रीत हा वृक्ष विरळ झाला.

कायदा : २०१९ च्या नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचण्या नियमावलीनुसार पेशीजन्य उत्पादने ‘नवीन औषध’ गणली जातात.