‘गाडीवर माझा हात बसलाय’ : स्वतःच्या ड्रायव्हिंगबद्दल नम्रपणे, पण खरं कसं बोलायचं?

गणपतीला गावी निघायची रात्र. डिकीत बॅगा बसल्या आहेत, मागच्या सीटवर पोरं पेंगतायत आणि एकच प्रश्न उरलाय, गाडी कोण चालवणार? "मीच नेतो. मला झोपबिप येत नाही. घाट तर माझ्या पायाखालचा आहे." या वाक्यावर सहसा कुणी उलट बोलत नाही. बोललंच तर "म्हणजे माझ्यावर विश्वास नाही का?" हा पुढचा प्रश्न तयार असतो.

स्वयंपाक, गाणं, इंग्रजी यांबद्दल आपण चारचौघांत सहज म्हणतो, "येतं आपलं थोडंफार." गाडीच्या बाबतीत मात्र हा विनय कुठे जातो कळत नाही. "माझं ड्रायव्हिंग ठीकठाक आहे" असं म्हणणारा माणूस तुम्हाला शेवटचा कधी भेटला? आणि भेटला असेल, तर त्याच्या गाडीत बसायला तुम्ही तयार झालात का? खरी गोम इथेच आहे. नम्रपणे बोललं तर माणूस कच्चा वाटतो, म्हणून कुणी बोलत नाही.

सगळेच सरासरीपेक्षा चांगले?

या विषयावरचा सगळ्यात गाजलेला अभ्यास १९८१ साली प्रसिद्ध झाला. ओला स्वेन्सन हे स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ. (ओला हे त्यांचं नाव, टॅक्सीवाल्या ओलाशी संबंध नाही.) त्यांनी अमेरिका आणि स्वीडनमधल्या विद्यार्थ्यांना विचारलं, की या गटातल्या बाकीच्यांच्या तुलनेत तुम्ही गाडी चालवण्यात किती कुशल आहात? अमेरिकेतल्या ९३ टक्के जणांनी आणि स्वीडनमधल्या ६९ टक्के जणांनी स्वतःला वरच्या अर्ध्या भागात बसवलं. सुरक्षितपणे कोण चालवतं, या प्रश्नावर हे आकडे अनुक्रमे ८८ आणि ७७ टक्के होते.

आता वरच्या अर्ध्या भागात अर्धेच लोक मावतात. वर्गातली ९३ टक्के मुलं पहिल्या निम्म्यात येऊ शकत नाहीत, तसंच हे. म्हणजे यातल्या बऱ्याच जणांचा अंदाज चुकला होता. मजा अशी, की नेमका कुणाचा चुकला हे त्यांच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

त्याच्याही आधी, १९६५ मध्ये, अमेरिकेत एक छोटा पण जास्त बोचरा अभ्यास झाला होता. संशोधकांनी अपघातानंतर हॉस्पिटलमध्ये दाखल झालेल्या ५० चालकांना गाठलं आणि तुलनेसाठी अपघात न झालेले, तशाच वयाचे आणि पार्श्वभूमीचे ५० चालक घेतले. पोलिसांच्या नोंदीप्रमाणे हॉस्पिटलमधल्या ५० पैकी ३४ जणांचा अपघात त्यांच्याच चुकीने झाला होता. दोन्ही गटांनी आपल्या कौशल्याला दिलेले गुण मात्र जवळपास सारखेच होते. हॉस्पिटलच्या खाटेवर पडलेला माणूसही स्वतःला ‘तरबेज’ या टोकाच्या जवळ ठेवत होता.

हे खोटं बोलणं नाही

ही माणसं फेकत होती असं समजायचं कारण नाही. त्यांना खरंच तसं वाटत होतं, आणि तसं वाटायला रस्ताच मदत करतो.

विचार करा. भाजीत मीठ जास्त झालं तर पाच मिनिटांत ताटावर कळतं. गाडीत तसं होत नाही. वळणावर तुम्ही ओव्हरटेक केलंत, समोरून एसटी आली, तिच्या ड्रायव्हरने ब्रेक दाबून जागा दिली आणि तुम्ही निघून गेलात. चूक तुमची, सांभाळली दुसऱ्याने, आणि तुमच्या डोक्यात नोंद झाली ती "बरोब्बर काढली गाडी" अशी. असं शंभरदा झालं की त्यालाच आपण अनुभव म्हणायला लागतो. "वीस वर्षांत साधा ओरखडा नाही" या वाक्यात आपल्या कौशल्याचा वाटा किती आणि समोरच्यांच्या ब्रेकचा किती, हे वेगळं काढायची सोय नाही. शिवाय ओरखडे पडतातही. विम्याचा नो क्लेम बोनस जाऊ नये म्हणून ते गल्लीतल्या गॅरेजमध्ये गुपचूप भरले जातात, तो भाग वेगळा.

दुसरं कारण म्हणजे ‘चांगलं ड्रायव्हिंग’ याची प्रत्येकाची व्याख्या वेगळी असते. गर्दीतून सफाईने गाडी काढणारा म्हणतो, चपळाई म्हणजे ड्रायव्हिंग. साठच्या वर न जाणारे काका म्हणतात, संयम म्हणजे ड्रायव्हिंग. क्लच न जाळता चढावर गाडी उचलणारी म्हणते, गाडीची काळजी घेणं म्हणजे ड्रायव्हिंग. ज्याला जे जमतं तेच तो मोजतो, मग पहिला नंबर आपलाच येणार. सगळेच शर्यत जिंकतात, कारण प्रत्येकाची शर्यत वेगळी.

तिसरी गोष्ट जास्त रंजक आहे. जस्टिन क्रूगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९९९ मध्ये दाखवलं, की जी कामं सोपी वाटतात त्यांत लोक स्वतःला सरासरीपेक्षा वर ठेवतात आणि जी अवघड वाटतात त्यांत खाली. सायकल चालवणं, गाडी चालवणं, कॉम्प्युटरचा माउस वापरणं यांत सगळे पुढे. बुद्धिबळ, चेंडू हवेत फिरवत ठेवण्याची कसरत, प्रोग्रॅमिंग यांत सगळे मागे. कारण "मला हे जमतं" एवढंच आपण बघतो. ते बाकीच्यांनाही तितकंच जमतं, हे हिशेबात धरायचं राहून जातं. म्हणून रोजच्या रस्त्यावर छाती पुढे काढणारा माणूस अरुंद गल्लीत रिव्हर्स घ्यायची वेळ आली की एकदम नम्र होतो. "जरा उतरून बघतोस का मागे?"

जास्त शिकलं की नम्रता येते?

इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. बर्फ आणि निसरडे रस्ते असलेल्या देशांत नवशिक्यांना घसरणारी गाडी सावरायला शिकवतात. ऐकायला उत्तम. पण नॉर्वेमध्ये अशा प्रशिक्षणाचं मूल्यमापन झालं तेव्हा तरुण पुरुषांचे अपघात कमी व्हायच्या ऐवजी वाढलेले दिसले. घसरली तर सावरता येते, असं वाटू लागलं की पाय अॅक्सिलरेटरवरून लवकर उठत नाही.

स्वीडनमधल्या नील्स ग्रेगर्सन यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग याच मुद्द्यावर होता. गाडी शिकणाऱ्यांचे दोन गट केले. एकाला अचानक ब्रेक मारण्याचं आणि अडथळा चुकवण्याचं कौशल्य शिकवलं. दुसऱ्याला त्याच मैदानावर उलट गोष्ट दाखवून दिली, की अशा प्रसंगी तुमचं कौशल्य कुठे संपतं आणि ते किती बेभरवशाचं आहे. आठवड्याने चाचणी घेतली. प्रत्यक्ष कौशल्यात दोन्ही गट सारखेच निघाले. पण कौशल्य शिकलेल्या गटाला आपण जास्त तरबेज आहोत असं वाटत होतं. शिकून हात वाढला नव्हता, स्वतःबद्दलचं मत तेवढं वाढलं होतं.

आपल्याकडे हे बर्फाचं काम नाही, पण वेगाचं आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, आणि त्यातले सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेग या नोंदीखाली आहेत. ताशी ८० च्या वेगाने गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. समोरचं कुत्रं, खड्डा किंवा रॉंग साइडची बाइक दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक-दीड सेकंद जातो. त्या वेळात गाडी ३० मीटरच्या आसपास पुढे गेलेली असते आणि ब्रेक अजून लागायचाय. हात कितीही बसलेला असला, तरी हे ३० मीटर सगळ्यांना सारखेच.

सोशल मीडियावर या मोठेपणाचं एक सभ्य रूप दिसतं, ते म्हणजे वेळ. "पुणे ते गोवा, सात तासांत!" यात मी भारी चालवतो असं कुठेच लिहिलेलं नसतं. पण हिशेब करा. साधारण साडेचारशे किलोमीटर, मध्ये घाट, गावं, जेवण. सरासरी ६४ येते, आणि घाटात ती ४० असेल तर सपाटीवर किती होती? खाली कमेंट येते, "आम्ही साडेसहात पोचलो."

मग नम्रपणे बोलायचं म्हणजे काय?

"नाही हो, मला कुठे नीट येतं" असं म्हणायचं का? तर नाही. हा विनय ऐकायला गोड असतो, पण त्याचा उपयोग शून्य. ऐकणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. उलट तोटाही होतो. किती घरांत लायसन्स असलेली बाई "मला हायवेची सवय नाही" असं दोनदा म्हणाली, म्हणून पुढची दहा वर्षं तिच्या हातात चावी जात नाही. सवय नाही म्हणून चालवत नाही, आणि चालवत नाही म्हणून सवय होत नाही. तिकडे तिच्याइतकीच सवय असलेला भाऊ "जमेल की" म्हणून स्टिअरिंगवर बसतो. इथे नम्रतेची शिक्षा फक्त तिला होते.

माझ्या मते अडचण प्रश्नातच आहे. "तू चांगला ड्रायव्हर आहेस का?" याला हो किंवा नाही एवढंच उत्तर निघतं, आणि दोन्ही उत्तरं निकामी. त्याऐवजी कुठे, कधी आणि किती वेळ, हे सांगावं. उदाहरणार्थ :

"दिवसा कुठेही नेतो. रात्री समोरून अप्पर लाइट आला की मला दोन सेकंद काही दिसत नाही."

"सलग दोन तास ठीक. त्यानंतर चहाला थांबवा, नाहीतर दुसरं कुणीतरी घ्या."

"ही ऑटोमॅटिक मी आजच पहिल्यांदा चालवतेय. पहिले दहा किलोमीटर माझ्याशी बोलू नका."

"पावसात ताम्हिणी मी एकदाच केलाय, तोही दुसऱ्याच्या मागे मागे."

यातल्या एकाही वाक्यात माणूस कच्चा वाटत नाही. उलट अशा माणसाच्या गाडीत निवांत झोपता येतं. आणि बोललेलं वाक्य पुढे कामाला येतं. दोन तासांनी बायको म्हणू शकते, "तूच म्हणाला होतास ना, चहाला थांबव म्हणून." सुरुवातीला "मला झोप येत नाही" असं जाहीर केलेल्या माणसाला पहाटे चार वाजता डोळे मिटायला लागले तरी सांगता येत नाही. सांगितलं तर शब्द मागे घ्यावा लागतो, आणि तो शब्द साताऱ्यातच चारचौघांसमोर दिलेला असतो.

समोरच्याकडून असं उत्तर काढायचं असेल तर प्रश्नही तसाच हवा. सत्तरीतल्या वडिलांना "बाबा, आता तुम्ही चालवू नका" म्हटलं की पन्नास वर्षांचा हिशेब निघतो. "बाबा, अंधार पडल्यावर तुम्हाला पाट्या वाचता येतात का?" असं विचारलं तर बरेचदा खरं उत्तर मिळतं. कारण यात त्यांचं ड्रायव्हिंग काढलेलं नाही, पाटीबद्दल विचारलंय. मग दिवसाची गाडी त्यांची आणि रात्रीची दुसऱ्याची, अशी वाटणी होऊ शकते. भाड्याच्या गाडीच्या ड्रायव्हरलाही "दादा, झोप झालीये ना?" यापेक्षा "दादा, काल किती वाजता गाडी लावली?" हे विचारणं बरं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर नेहमी हो असतं.

हे उत्तर तुम्ही एकदा लिहून दिलेलं आहे

गंमत म्हणजे स्वतःच्या मर्यादांबद्दल आपण सगळ्यांनी एकदा सरकारला लेखी सांगितलेलं असतं. लायसन्ससाठी अर्ज करताना ‘नमुना १’ नावाचं स्वयंघोषणापत्र भरावं लागतं. त्यात विचारलेलं असतं, की तुम्हाला फेफरं येतं का, अचानक चक्कर किंवा शुद्ध हरपते का? लाल आणि हिरवा रंग वेगळा ओळखता येतो का? रातांधळेपणा आहे का? हॉर्न ऐकू येतो का? बहुतेकांनी यातल्या खुणा एजंटच्या टेबलावर किंवा मोबाइलवर न वाचताच केलेल्या असतात. आणि त्या केल्या तेव्हा आपण अठरा-वीस वर्षांचे होतो. नंतर चष्मा लागला, साखर वाढली, गोळ्या सुरू झाल्या, पण उत्तरं तीच राहिली. पंचावन्न वर्षांनंतर लायसन्स दर पाच वर्षांनी नव्याने काढावं लागतं, तेव्हा हे प्रश्न पुन्हा समोर येतात.

त्यातला एक प्रश्न घरच्या घरी तपासता येतो. चांगल्या उजेडात, चष्मा असेल तर लावून, २५ मीटरवरच्या गाडीची नंबर प्लेट वाचता येते का? २५ मीटर म्हणजे एकामागे एक लावलेल्या साधारण सहा कार. सोसायटीच्या पार्किंगमध्ये एवढी जागा असते. आधी दिवसा बघा, आणि मग तीच प्लेट संध्याकाळी सातला.