गोष्टींचे संग्रहालय, ऑक्सफर्ड

(स्टोरी म्यूझियम). इंग्लंडमधील ऑक्सफर्ड शहरात पेंब्रोक स्ट्रीटवरील, मुलांच्या गोष्टींना वाहिलेले संग्रहालय. किम पिकिन यांच्या पुढाकाराने एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ते सुरू झाले, तेव्हा त्याला स्वतःची जागा नव्हती. प्रदर्शने, कथाकथन आणि शाळांमधील उपक्रम यांतूनच ते लोकांपर्यंत जाई.

लुइस कॅरल, जे. आर. आर. टोल्किन आणि सी. एस. लुइस हे तिघेही ऑक्सफर्डच्या विद्यापीठात शिकवत. ४ जुलै १८६२ रोजी होडीतून जाताना कॅरल यांनी लिडेल कुटुंबातील तीन बहिणींना ॲलिसची गोष्ट रचून सांगितली. पुस्तक आले १८६५ मध्ये. त्या सफरीच्या स्मरणार्थ दर जुलैमध्ये होणारा ‘ॲलिस दिन’ संग्रहालयाने घर मिळण्यापूर्वीच रुजवला. बिनघराच्या त्या वर्षांना नुसता प्रतीक्षाकाळ म्हणता येणार नाही. कोणती गोष्ट मुले कान देऊन ऐकतात आणि कुठे चुळबुळ सुरू होते, हे शाळेच्या वर्गात जितके कळते तितके नकाशावर खोल्या आखताना कळत नाही.

एका निनावी दात्याच्या पंचवीस लाख पौंडांच्या देणगीमुळे संस्थेला रोचेस्टर हाउस ही वास्तू घेता आली. टपालखाते आणि टेलिफोन एक्स्चेंज यांच्या वापरातली ही जुनी, पडझड झालेली इमारत. दुरुस्ती पुरी होण्याची वाट न पाहता २०१४ मध्ये तिथे प्रदर्शन भरले. नामवंत लेखकांनी लहानपणीच्या आवडत्या पात्रांचे वेश घेऊन काढलेली छायाचित्रे त्यात होती. संग्रहालयाचे आश्रयदाते फिलिप पुलमन ‘ट्रेझर आयलंड’मधील लाँग जॉन सिल्व्हर झाले होते.

पुढे सुमारे साठ लाख पौंड खर्चून इमारतीचे नूतनीकरण झाले. २०२० च्या वसंतात ठरलेले उद्घाटन कोविडच्या साथीमुळे लांबणीवर पडले. आत पुस्तकांतील जग प्रत्यक्ष उभे करणारे ग्रंथालय, अगदी लहानग्यांसाठी वेगळे दालन आणि छोटे नाट्यगृह आहे. सर्वांत मोलाचे मात्र कुजबुजत्या झाडांचे दालन. देशोदेशींच्या मौखिक परंपरेतल्या गोष्टी तिथे झाडांजवळ उभे राहून ऐकायच्या असतात. हस्तलिखिते आणि पहिल्या आवृत्त्या जपणारी ग्रंथसंग्रहालये ऑक्सफर्डमध्ये पूर्वीपासून होतीच. सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीला हक्काची जागा या संग्रहालयाने दिली, हे त्याचे मुख्य कार्य होय.